कपाखालची चिठ्ठी

"मास्तर, तुम्ही लबाडी करता. एकदा नाही, सलग तीन शनिवार."

फासे मुठीत घट्ट धरूनच ती हे बोलली. म्हणजे उत्तर मिळेपर्यंत खेळ काही पुढे सरकणार नव्हता.

मास्तरांचं सायकलींचं दुकान. शनिवारी दुपारी ते शटर अर्धं ओढून घेत आणि मागच्या खोलीत, टांगलेल्या टायरांखाली, हा खेळ मांडत. किल्ला त्यांचा, पहारेकरी त्यांचे, नियमही त्यांचेच. बाकीच्या तिघांनी एकेक पात्र घेऊन त्या किल्ल्यात शिरायचं. तिचा नवरा तिरंदाज. औषधांच्या दुकानातली बाई वैदू. आणि ती चोरटी.

चोरटी खरं तर तिची नव्हतीच. धाकट्या बहिणीने रचलेलं पात्र ते. बहीण जाऊन वर्ष झालं, पण पात्राचा कागद अजून तिच्याच गोल गोल अक्षरात होता, कोपऱ्यावर तिनेच सांडलेल्या चहाचा डाग. चोरटीला चार जीव. गेल्या तीन शनिवारी तीन खोडले गेले होते. चौथा खोडला की कागद फाडायचा, असा नियम.

"चोराच्या उलट्या बोंबा," औषधवाली म्हणाली आणि तिच्या बोटांकडे बघून नाक मुरडलं. "आणि हे हिरवं काय लावून आलीस?"

सकाळचं काम, तिने सांगितलं. ती नळजोडणीची कामं करते. एका तीन मजली इमारतीत भिंत झिरपत होती आणि सगळे मिळून वरच्या मजल्यावरच्या म्हातारीला शिव्या घालत होते. हिने एकाच नळात हिरवा रंग सोडला, बाकीचे बंद केले आणि डबा खाऊन आली. भिंतीवर हिरवं उमटलं, आणि तो नळ होता शिव्या घालण्यात सगळ्यात पुढे असलेल्या घरमालकाच्याच न्हाणीतला. मास्तरसुद्धा हसले. तिचा नवरा चष्मा पुसत राहिला.

मग ती मूळ भांडणावर आली.

लपणाऱ्याने आपली जागा चिठ्ठीवर लिहून उपड्या कपाखाली ठेवायची. पहारेकरी शोधमंत्र टाकतो. मग मास्तरांनी कप न उचलता एकच जागा सांगायची. बरोबर आली तर घाव, चुकली तर लपणारा सुटला. किल्ल्यात लपायच्या जागा चाळीस, आणि मास्तर तिन्ही वेळा पहिल्याच फटक्यात बरोबर.

"मुळात मंत्राने ती सापडतेच कशी?" ती म्हणाली. "तिच्याकडे ना अंगठी, ना अदृश्य व्हायचं पांघरूण. तोंडाला काजळी फासून, अनवाणी, श्वास रोखून उभी राहते ती. जादूने जादू हुंगावी. घाम कसा हुंगेल?"

मंत्र म्हणजे मंत्र, मास्तर म्हणाले. त्याच्यापुढे लपाछपी चालत नाही.

"मग पाऊल न वाजवता चालायला शिकण्यात तिने दोन वर्षं काय झक मारली? ज्याच्याकडे मंत्र त्याने बसल्या जागेवरून सगळं बघायचं, आणि जिने अंग झिजवलं तिने मरायचं. हा कुठला न्याय?"

"जाऊ दे ना," नवरा हळूच म्हणाला. "खेळच आहे शेवटी. वर्ष झालं आता."

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

मास्तरांनी हात वर केले. चिठ्ठी चोरून वाचायला आपल्याला काय भिंगाचे डोळे आहेत का, असं त्यांनी विचारलं. "चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नकोस, बाई."

"ठीक. तुमचा मंत्र तुम्हाला लखलाभ. आज बरोबर सांगितलंत तर कागद मी स्वतः फाडीन. चुकलात तर आजपासून मंत्राला फक्त जादू दिसेल. माणूस दिसणार नाही."

मास्तर कबूल झाले.

चिठ्ठी तिने घरीच लिहून आणली होती, म्हणजे पेन कसं हललं हेही कुणाला दिसायला नको. सकाळी ती भांडी विसळत असताना नवऱ्याने, गेल्या तीन शनिवारांसारखंच, पाठमोरंच विचारलं होतं, आज कुठे लपणार? कोठारात, तराजूमागे, तिने सांगितलं होतं. तो बरं म्हणाला होता आणि दूध आणायला गेला होता. दूध तर घरात होतं.

तिने घडी घातलेली चिठ्ठी कपाखाली सारली, फासे टाकले. मंत्र लागला. बहिणीचा कागद तिने दोन्ही हातांत धरला, फाडायला धरतात तसा.

मास्तरांनी डोळे मिटल्यासारखं केलं. कपाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

"धान्याचं कोठार," ते म्हणाले. "मोठ्या तराजूच्या मागे."

 औषधवालीच पुढे झाली, कप उचलला आणि चिठ्ठी उलगडून मोठ्याने वाचली.

"पहारेकऱ्याच्याच खुर्चीमागे."

औषधवालीने टेबलावर थाप मारली. चुकलात, मास्तर, वाचली ती!  मास्तरांची नजर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, तिच्या नवऱ्याकडे, गेली आणि तिथून झटकन परत आली.

ती हसली नाही. तिने कागद घडी घालून पिशवीत ठेवला, हिरवी बोटं टेबलावर पसरली आणि पहिल्यांदाच नवऱ्याकडे वळली.

"बोल. तिला का मारायचं होतं तुला?"