वाटेवरचा तेर्स

सायबिणीची, म्हणजे मारियामातेची, मिरवणूक गावच्या लहानशा चर्चपासून, कपेलापासून, थोडी पुढे सरकली आणि तेरेझा रस्त्यातच बसली. अंगात पांढरा झगा, पाठीला पुठ्ठ्याचे पंख, आणि मधोमध ठाण मांडून.

मागे मूर्ती खांद्यावर घेतलेले पुरुष थांबले. व्हायोलिन थांबले. ढोल एकटाच दोन ठोके पुढे गेला आणि ओशाळून गप्प झाला.

इझाबेल बायकांच्या घोळक्यात अगदी मागे होती. धाकटी बहीण का बसली हे तिला लगेच कळले. सकाळी मिरवणुकीसाठी पोरींना सजवणाऱ्या क्लाराबायने देवदूत व्हायला दोघींना उभे केले होते, मग इझाबेलचा झगा पुन्हा घडी करून ठेवला. देवदूत काळे नसतात, लोक हसतील, असे ती समजावणीच्या सुरात म्हणाली आणि वाईट वाटू नये म्हणून हातात एक मेणबत्ती दिली.

इझाबेलला त्याची सवय होती. तिचा जन्म आफ्रिकेतला. जन्मदाती तिथेच वारली, आणि बोटीवर स्वयंपाकी असलेल्या बापाने, आंतोनने, ती तान्ही पोर मालवणात आणून नव्या बायकोच्या ओटीत घातली. तेव्हापासून ती मायची थोरली. गावाने मात्र तिचे केस बघून तिला खापरी, म्हणजे हबशीण, म्हटले. मायच्या घरात लाड नव्हतेच, ना एकीचे ना दुसरीचे. अंगणात नाग निघाला तरी तिथे संध्याकाळचा तेर्स, जपमाळेची प्रार्थना, थांबत नसे. जपमाळ हातात आली की शेवटच्या मण्यापर्यंत कुणी गुडघ्यांवरून उठायचे नाही.

क्लाराबाय धावत पुढे गेली. तेरेझाने पंख सोडून तिच्या पायांशी ठेवले.

"इझाबेल येयसर मी उठूचंय नाय."

गर्दी बाजूला झाली. माय येत होती. प्रार्थनेत हसू फुटले तर कान पिरगळणारी माय. बायकांना ढकलत इझाबेल पुढे घुसली आणि तिने मायचा हात धरला. तेरेझाला मारू नको, मला नकोत ते पंख, असे ती एका दमात बोलून गेली.

मायने तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. धरलेला हात तसाच ओढत तिला तेरेझाच्या शेजारी नेऊन उभी केली. मग त्या तापलेल्या तांबड्या खडीवर स्वतः गुडघे टेकले आणि कमरेची जपमाळ काढली.

"इझाबेल, तेर्स सुरू कर."

भर रस्त्यात जपमाळ निघाली, आता कोण काय बोलणार? सगळ्यांत आधी पाद्री गुडघ्यांवर आले. मग मूर्ती खाली ठेवून पुरुष, मग बायका. क्लाराबायने खाली अंथरायला रुमाल काढला, पाद्रींकडे पाहिले आणि तो परत खोचला.

पहिल्यांदा इझाबेलचा आवाज फुटलाच नाही. तेरेझाने कोपर मारले. तेव्हा ती "नमान मारिये" म्हणाली, आणि अख्ख्या रस्त्याने तिला उत्तर दिले. एकेका मण्याला तिचा आवाज मोकळा होत गेला.

तेर्स संपून लोक उठले तेव्हा इझाबेल सर्वांत पुढे होती. तिला मागे जा म्हणायला कुणाची जीभ रेटली नाही. पंख रस्त्याकडेला राहिले. दोघी हातात हात घालून समुद्राकाठच्या खुरसापर्यंत, तिथल्या क्रुसापर्यंत, चालत गेल्या.

घरी फेस्ताच्या सणाचे गोड दोदोल झाले होते. दोघी पाटावर बसल्या, तशी मायने टोपावर हात आडवा धरला. सायबिणीची वाट अडवली, तेव्हा आज दोदोल नाही. दोघींनाही नाही.

तेरेझा चिडली. "इझाबेलान काय केल्यान?"

"भयण मां ती तुझी?" माय म्हणाली आणि टोप शिंक्यावर चढवला.

इझाबेलने मान खाली घातली. तिला हसू आवरत नव्हते.