पहिला घास

टाके घालून झाले होते. हरणी गाईने मान उचलली, तशी डॉक्टरबाईंनी तिच्या घशातली नळी हलकेच काढली. "आक्का, भूल उतरली."

लगबगीने उठायला गेलेल्या आक्का भोवळ येऊन खाली बसल्या.

"काही खाल्लंय का?"

"भुलीसाठी तिला कालपासून उपाशी ठेवायला तुम्हीच सांगितलंत. तिला पहिली भाकरी घातल्याशिवाय मी कधी जेवले नाही."

"पण तिला संध्याकाळपर्यंत काही देता येणार नाही."

"मग थांबते."

डॉक्टरबाईंनी हातातली गाडीची किल्ली पिशवीत टाकली आणि त्याही गोठ्यातच बसल्या.

उन्हं कलल्यावर हरणी रवंथ करू लागली. डॉक्टरबाईंनी मान डोलावली. आक्कांनी भाकरीचा पहिला घास हरणीला भरवला आणि दुसरा डॉक्टरबाईंच्या हातावर ठेवला.

"तूही सकाळपासून उपाशीच आहेस की, पोरी."