पिकअपची उचकी

पिकअप दुरुस्त झाली. पण ती झालीच नाही असं समजून पुढं जाऊ. निवासही तसंच समजतो.

मंडपाचं सामान वाहणारे त्याचे वडील, आबा, गेल्यावर विकलेली ही गाडी त्यानं हुडकून परत घेतली. आईला दाखवायच्या आधी थेट गॅरेजात नेली, कारण ती अजूनही उचक्या देत होती.

"कुणीतरी आठवण काढतंय हिची," म्हणत गॅरेजवाल्या रज्जाकचाचांनी चालू इंजिनवर एकेका सिलिंडरच्या डिझेल नळीचा नट सैल करून पाहिला. नट सैल होताच इंजिन अडखळायचं. तिसऱ्याला मात्र ढिम्म फरक पडला नाही. "हा घरजावई. बसून खातोय." त्याचा डिझेल फवारणारा इंजेक्टर बदलला, उचकी थांबली.

निवासनं ऐटीत दारात गाडी लावली. आई बाहेर आली, अनोळखी गाडीकडं बघत म्हणाली, "कोण पाहिजे?"

"अगं, आबांची गाडी!"

"चल! तिची उचकी कोपऱ्यावर ऐकूनच मी चहाचं आधण ठेवायचे."

आई आत गेली. चहा काही आला नाही.

चाचांनी जन्मात गाडी मुद्दाम बिघडवली नव्हती. तरी निवास त्यांच्यासमोर हात जोडून उभा राहिला: "महोदय, तिसरा सिलिंडर पूर्ववत नादुरुस्त करून मिळावा, ही नम्र विनंती."