‘आम्ही’च्या जागी ‘ते लोक’

“तुम्ही माझ्या पुस्तकातून माझ्या घरची माणसं हाकलून दिलीत, अध्यक्षसाहेब,” पाळक म्हणाले. “शब्द बदलला म्हणू नका. माणसं हाकललीत.”

पुस्तक छापणाऱ्या चर्चच्या समितीचे अध्यक्ष अजून बसलेही नव्हते. अंगात कोट तसाच, हातात टोपी. प्रार्थनागृहामागच्या त्या चिंचोळ्या कचेरीत दुसऱ्या खुर्चीवर पाळकांची मोठी बहीण बसली होती. पाळकांचा आवाज चढला होता तो तिला ऐकू जावा म्हणून.

बहीण यहुदी. पाळकही जन्माने यहुदीच; दोघांनी लहानपणी पहिली अक्षरं गिरवली ती हिब्रू. त्यांनी बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी वडिलांनी दार लावलं, ते पुन्हा उघडलं नाही. पुढे पाळकांनी ख्रिस्ती धर्मशास्त्रावर एकामागून एक जाडजूड पुस्तकं लिहिली. वडिलांनी एकालाही हात लावला नाही. हे नवं पुस्तक मात्र आपल्या यहुदी लोकांच्या प्रार्थनांवर होतं. त्याचं हस्तलिखित ताईने अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना वाचून दाखवलं. ‘आम्ही उभं राहून प्रार्थना करतो,’ असं त्यात होतं. म्हातारा म्हणाला, अजून ‘आम्ही’ म्हणतंय कार्टं. पुस्तक घेऊन येऊ दे त्याला.

आता डॉक्टर म्हणत होते, पुस्तक छापून होईपर्यंत थांबू नका. म्हणून ताई भावाला प्रुफांसकट घरी न्यायला आली होती. ती पानं चाळायला लागली आणि हबकली. छापलेला प्रत्येक ‘आम्ही’ शाईने खोडलेला. वर ‘ते लोक’. ते लोक उभे राहतात. ते लोक आपल्या मेलेल्यांसाठी रडतात.

हे समितीचं काम, असं पाळकांनी तिला सांगितलं, तेवढ्यात अध्यक्ष दारात उगवले आणि तावडीत सापडले. पाळकांनी काही शिल्लक ठेवलं नाही. यहुदी पाळक तुम्हाला मिरवायला हवा, देणगीदारांपुढे उभा करायला हवा, पण त्याचं गणगोत त्याच्या तोंडात नको. हे सगळं खरं होतं. म्हणूनच ते इतक्या जोरात बोलता येत होतं.

अध्यक्षांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली.

“अहो, मी पहिल्या पानावरचा एक बदलला,” ते म्हणाले. “पाळकच लिहितात ‘आम्ही शनिवारी दिवा पेटवत नाही’, तर आपली निम्मी मंडळी शनिवारी अंधारात बसेल. पुढचं मी वाचलेलंच नाही. डोळे कुठे साथ देतात आता.”

टोपी डोक्यावर ठेवून ते निघून गेले.

हा माणूस पक्का खोटारडा आहे, पाळक म्हणाले. शिवाय समितीत आणखी पाचसहा जण आहेत, त्यांतल्याच कुणाचं तरी हे काम. बोलताना ते ताईकडे बघत नव्हते.

ताईने पानं खिडकीपाशी नेली. शाई सगळीकडे तीच, काळी. पहिल्या पानावरची रेघ डावीकडे जाड होती आणि उजवीकडे निमुळती होत गेली होती. पुढच्या पानांवरच्या सगळ्या रेघा उजवीकडे जाड होत्या आणि डावीकडे जाऊन विरल्या होत्या.

पानं छातीशी धरून ती वळली.

“बाबा विचारतील, कोणी खोडलं. मरायला टेकलेल्या माणसाशी मी खोटं बोलणार नाही. समितीत आपल्यासारखं उजवीकडून डावीकडे लिहिणारं कोण आहे रे? सांग.”