कुणाची हरकत?

"अगं, आवाज वाढव की!" आई स्वयंपाकघरातून ओरडली. भिंगरीने रेडिओचं बटण शेवटपर्यंत पिळलं. दार तर तिने मुद्दामच सताड उघडं ठेवलं होतं. आख्ख्या जिन्याला ऐकू गेलं पाहिजे!

शेजारच्या खुर्चीत तिची मैत्रीण अंग चोरून बसली होती. बंदरावरच्या संपकऱ्यांवर गोळीबार झाला, त्यात तिचा दादा गेला. तेव्हापासून तिने वर्गात बाक बदलला होता. कारण हुकूम निघाला तो देशाच्या सर्वेसर्वा साहेबांच्या खोलीतून, आणि भिंगरीचे बाबा त्या साहेबांचे खासगी सचिव. "माझ्या बाबांनी तोंडावर विरोध केला होता. साहेबांनीच ऐकलं नाही," भिंगरीने शंभरदा सांगून पाहिलं. मैत्रीण एवढंच विचारायची, "पुरावा काय?"

आणि पुरावा आपल्या पायांनी चालत आला. साहेबांनी आपल्याच खोलीत, आपल्याच माणसांचं बोलणं टिपायला, भिंतीवरच्या घड्याळामागे यंत्र लपवलं होतं. कुणी बोललं की ते आपसूक सुरू व्हायचं. सगळे गप्प झाले की टक् करून थांबायचं. फीत वाया जायला नको! कंजूषपणात साहेबांचा हात धरणारा कुणी नव्हता. हे उघडकीला आलं तेव्हा बाकीच्या अधिकाऱ्यांची पाचावर धारण बसली. बाबा मात्र आज सकाळी गोळीबाराच्या चौकशी आयोगापुढे जाण्याआधी शीळ घालत दाढी करत होते. "होऊ दे एकदाचा सोक्षमोक्ष. मी बोललोय ते बोललोय." ती फीत आज आयोगापुढे वाजणार होती नि रेडिओवरून देशभर ऐकू येणार होती; म्हणून तर भिंगरीने मैत्रिणीला ओढून आणलं होतं.

आईच्या जिवाला तेवढा घोर होता. "यांचं मेलं एकेक. शेजारी आपल्या दारात सायकल लावतो, तेव्हा 'असू दे, असू दे'. तो जिना उतरला की मग यांचा आवाज चढतो."

"आई, सायकल वेगळी नि देश वेगळा!"

"गप बस. लागलं बघ."

रेडिओ खरखरला. मग साहेबांचा घोगरा आवाज आला. "उद्या सकाळी बंदर मोकळं हवं. हटले नाहीत तर गोळ्या घाला. कुणाची हरकत?"

टक्.

"माझी आहे, साहेब."

बाबा! आवाज कसा, खणखणीत नाण्यासारखा. "नुसत्या हातांनी बसलेली माणसं आहेत ती. घरी त्यांची वाट बघणारं कुणीतरी आहे. हे पाप आहे, साहेब. हा हुकूम निघता कामा नये."

आई हातातल्या उलथन्यासकट मटकन खाली बसली आणि रडायलाच लागली. भिंगरीने खोलीभर गिरक्या घेतल्या. जिन्यात कुणीतरी टाळ्या वाजवल्या. सायकलवाला असेल, तरी चालेल!

मैत्रीण उठली. तिने भिंगरीचा हात घट्ट धरला. "माझं चुकलं गं. काकांना सांग, माझी आई त्यांना भेटायला येणार आहे. दादासाठी एक माणूस तरी बोलला."

रेडिओवर बाबांचे वकील रंगात आले होते. "आता यावर साहेब काय म्हणाले, तेही देशाला ऐकू द्या. पुढे वाजवा."

टक्.

पण आवाज साहेबांचा नव्हता. कुणा म्हातारीचा होता. मागे बादलीची कडी वाजत होती. "आत्ता गं बाई! तुम्ही अजून इथंच? साहेबांची गाडी तर केव्हाच गेली. रिकाम्या खुर्चीशी काय भांडताय?"

भिंगरीचा हात अजून मैत्रिणीच्या हातातच होता.

"काही नाही, मावशी," बाबा म्हणाले. आवाज एकदम नेहमीचा, घरातला. "तेवढा हुकूम रवाना करतो, नि निघतोच."