दुसऱ्या पिंपाची चिंधी

झाडूवाल्या मावशीला नात झाली त्या वर्षी कापड रंगवायच्या कारखान्यात नवे साहेब आले. गोदामात दोन पिंपं शेजारी होती: क्लोराइड आणि क्लोराइट. एकात मीठ, दुसऱ्यातली पूड ॲसिडात पडली तर विषारी धूर. इंग्रजी नावांत फरक एकाच अक्षराचा. पन्नाशीत अक्षरं शिकलेल्या मावशीनं दुसऱ्या पिंपाला लाल चिंधी बांधली होती. ॲसिडाच्या टाकीत मीठ ओतायचं काम तिच्या जावयाकडे होतं. साहेबांनी चिंधी ओरबाडली. "कारखाना आहे की चिंध्यांचं दुकान? सगळ्यांना वाचता येतं." "येतं साहेब, पण घाईत वाचतं कोण?" मावशीनं चिंधी जपून ठेवली. अपघाताच्या चौकशीत साहेबांनी लिहिलं, "चुकीचं पिंप उघडलं, कामगाराचा निष्काळजीपणा." मावशीनं चिंधी टेबलावर आपटली. "ही कोणी काढली, तेही लिहा!" नात सात महिन्यांची असताना, गुरुवारी दुपारी, तिचा बाप गुदमरून मेला होता.