द्रौपदाबाईचं ताट

"आई, तुझ्या ताटात काय वाढू? भरीत-पुरी का शेवभाजी?"

प्रशील पेंटर शिडीवरून विचारत होता. भिंतीवरच्या पंगतीत चाळीस ताटं वाढून झाली होती. एकच राहिलं होतं.

खाली द्रौपदाबाई डोक्यावर पदर घेऊन उभी होती. चित्रातला आपलाच हसरा चेहरा तिने जरा संशयाने पाहून घेतला. "मन्हं ताट रिकामंच ठेव," ती म्हणाली. "मी जेवसू, मंग भरजो."

प्रशील हसला. म्हातारी लाजतेय, असं त्याला वाटलं.

एरंडोलजवळच्या त्या गावात ही भिंत म्हणजे दरसालचं भांडण. अर्धी गावाची, भगवी. अर्धी मागच्या बौद्ध वस्तीची, निळी. मधली रेघ दर जयंतीला चार बोटं सरकायची. कोण सरकवायचं ते कुणीच पाहिलेलं नाही. एका साली तर ती सरकत सरकत भिंत संपवून शेजारच्या पिंपळावर चढली होती म्हणतात. मग दोन्हीकडून दगड निघायचे. पोलिसांची गाडी यायची आणि चहा पिऊन जायची.

यंदा एकोप्याच्या भिंतींची स्पर्धा निघाली. सरपंच पितांबर आबा आपल्या पायांनी वस्तीत, प्रशीलच्या ओट्यावर आले. येणारच. प्रशीलने शिरपूरला एका शटरवर मेथीची जुडी काढली होती, तर शेळ्या तीन दिवस ते शटर चाटत होत्या. अडीच म्हणा हवं तर.

"निळं अर्धं सोड भो," आबा म्हणाले. "आम्ही भगवं सोडतो. बठ्ठा गाव, तुम्ही-आम्ही सगळे, एका पंगतमा बसेल काढ. अन् ढाल भेटनी का, त्याच पंगतमा आपण खरंखरं बसू. हाऊ मना शबद शे."

वस्तीत कुरबुर झाली. "भिंत दिली अन् पंगत नाही भेटली तर?" शेजारच्या कोकिळाने तोंडावर विचारलं.

"मी आहे ना," प्रशील म्हणाला. आणि निळ्या रंगावर त्याने स्वतःच पांढऱ्या रंगाचा हात मारला.

त्याच्या मनात एकच गोष्ट होती. आई चाळीस वर्षं आबांच्या कपाशीत राबली. तिचा चहाचा कप अजूनही आबांच्या गोठ्यातल्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला होता. चित्रात त्याने तिला बरोब्बर आबांच्या शेजारी बसवलं. आबांनी हरकत घेतली नाही. त्यांची फर्माईश वेगळीच होती. "मले घास घेताना काढ. तोंड चांगलं उघडं दिसू दे."

जिल्ह्याचे परीक्षक आले. खूश झाले. एकाने विचारलं, "या आजींचं ताट रिकामं का?"

"आजीचं जेवण आटोपलं," आबांनी सांगून टाकलं. ढाल मिळाली.

रविवारी दुपारी मंदिरात पंगत ठरली. सोमवारी राज्याचे परीक्षक यायचे होते. द्रौपदाबाईने भरताची वांगी भाजायला कपाशीच्या काड्यांचे दोन भारे डोक्यावरून मंदिरापर्यंत वाहून दिले. घरी येऊन अंघोळ केली. ठेवणीतलं लुगडं नेसली. वस्तीतली माणसं, पोरंबाळं ओट्याओट्यांवर बोलावण्याची वाट पाहत बसली. भाजल्या वांग्यांचा वास भिंतीवरून अलीकडे आला. लसणीच्या फोडणीचाही आला. बोलावणं येईना.

आला तो आबांचा मुलगा योगराज, ट्रॅक्टर घेऊन. ट्रॉलीत पिठाची पोती होती, तेलाचे डबे होते, कच्च्या वांग्यांचे क्रेट होते.

"कोरडा शिधा शे, मावशी," तो द्रौपदाबाईच्या पायांकडे बघत म्हणाला. "तिकडे गर्दी फार. आबा म्हणे, तुम्ही तुमचं मोकळ्यानं रांधा. घरी सावलीत जेवा."

प्रशील तसाच मंदिरात गेला. गावाची पंगत रंगात आली होती. पितांबर आबा पुरी हातात घेऊन बसले होते.

"आबा, शब्द?"

आबा जराही ओशाळले नाहीत. उलट प्रेमाने हसले. "काय रे येडा! भिंतवर बसेल शेतस ना तुम्ही आमच्या शेजारी? आणखी किती जवळ बसशात?"

पंगत खदखदून हसली.

तो परत आला तेव्हा वस्तीतली माणसं ट्रॉलीतली पोती उतरवून घेत होती. कोकिळाने वांग्यांचा क्रेट त्याच्या ओट्यावर आणून ठेवला. तेच जास्त लागलं. त्याने रंगाचा डबा आणि मोठा ब्रश उचलला. सगळी भिंत पुसून टाकायची असं त्याने ठरवलं होतं.

द्रौपदाबाईने त्याचं मनगट धरलं. तिने लुगडं बदललं होतं. "पुसू नको. एवढी मेहनत करेल शे. मन्हं ताट ऱ्हायनं ना, ते भर."

"काय भरू आई?"

"जे उनं, ते. ट्रॉलीमा जे उनं, तेच."

सोमवारी सकाळी सगळं गाव लेझीम घेऊन वेशीवर पाहुण्यांच्या स्वागताला गेलं. भिंतीपाशी प्रशील एकटाच होता. त्याने मोठा ब्रश ठेवून दिला आणि बारीक घेतला.

गाड्या आल्या. हारतुरे झाले. आबांनी पाहुण्यांना भिंतीपुढे आणलं. मुख्य परीक्षक बाईंनी चष्मा लावून भिंतीचं एक टोक धरलं आणि त्या एकेक ताट पाहत निघाल्या. भरीत, पुरी, मिरचीचा ठेचा. भरीत, पुरी, ठेचा. आबांच्या शेजारी येऊन त्या थांबल्या. हसऱ्या म्हातारीच्या ताटात कोरड्या पिठाचा ढीग होता. त्यावर देठासकट दोन कच्ची वांगी. रंग अजून ओला होता.

"सगळे शिजलेलं जेवतायत," बाई म्हणाल्या. "मग या आजींना कच्चं कुणी वाढलं?"

सगळं गाव गप्प झालं. तोंड उघडं राहिलं ते एकाचंच, भिंतीवरच्या पितांबर आबांचं. घास घ्यायला.